तसबिरीमागची तसबीर

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात पहिली पाळी तसबिरींची. करंज्यांचे सारण मागाहून, आकाशकंदील त्याहूनही मागाहून. आधी भिंतीवरचे सगळे देव खाली उतरतात, ओल्या फडक्याने त्यांची तोंडे पुसली जातात, आणि जळमटे झाडून झाली की ते पुन्हा आपापल्या खिळ्यावर जाऊन बसतात. गेल्या दिवाळीत हे काम माझ्याकडे होते. आई गेली त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नव्हती. ही तिच्यामागची पहिली. तिच्या खोलीतली विठ्ठलाची तसबीर उतरवताना माझ्या हातून निसटली आणि काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली.

दुसऱ्या दिवशी ती पिशवीत घालून मी मिरजेला नेली. तिथे जुन्या गल्लीत चौकटी बसवणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याने तसबीर पालथी केली, मागचे खिळे पाहिले आणि मान हलवली.

"मास्तर, ही चौकट कोण उघडत होतं?"

मी म्हटले, "कोणी नाही. वीस वर्षांत भिंतीवरून ती फक्त दिवाळीला खाली येते."

तो हसला. खिळे वाकवून वाकवून झिजले होते आणि पुठ्ठ्याला त्यांनी खोबणी पाडल्या होत्या. त्याने पुठ्ठा काढला. विठ्ठलाच्या पाठीशी आणखी एक चित्र होते. हातात शस्त्रे, मोठे डोळे, अंगावर हिरवे लुगडे: मांढरदेवची काळूबाई. तिच्या कपाळावर कुंकवाचे इतके थर चढले होते की कागद तिथे खडबडीत झाला होता.

"अशा निघतात खूप," कारागीर म्हणाला. "वर एक, मागं एक. मी आपला दोन्ही पुसून परत ठेवतो. कुणाला विचारत नाही."

मी मात्र तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तत्त्वज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण एका चौकटीत दोन देव ठेवणारे माणसाचे मन प्रामाणिक असते की लबाड, हा प्रश्न मला आता पुस्तकातला वाटत नाही. तो माझ्या घरातला आहे.

*

चित्रकलेच्या शिक्षकाला चित्रे पाहण्याची खोड असते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पुस्तकात मी एक मेरीमातेचे चित्र पाहिले होते. काळसर चेहरा, कडेवर बाळ, उजव्या गालावर दोन वार. मूळ चित्र पोलंडमधल्या चेन्स्टोहोवा गावच्या मठातले. पण पुस्तक पोलंडचे नव्हते. ते हैती या कॅरिबियन समुद्रातल्या देशाविषयीचे होते. तिथे त्या चित्रापुढे मेणबत्ती लावणारी बाई मेरीला हात जोडते, आणि त्याच वेळी एझिली दांतोर नावाच्या आपल्या देवतेलाही हात जोडते. ही एझिली काळी, रागीट, कष्टकरी आणि लेकरांची कैवारी. तिचे तिथले कोणी चित्र काढलेच नव्हते. तिने मेरीचेच चित्र घेतले.

ही देवाणघेवाण कशी झाली, याचा इतिहास रक्ताचा आहे. हैती फ्रेंचांच्या ताब्यात होता तेव्हा आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून तिथे आणली गेली. फ्रान्सच्या राजाने 1685 साली गुलामांसाठी कायदा केला. त्यात प्रत्येक गुलामाला कॅथलिक धर्माची दीक्षा दिलीच पाहिजे असे कलम होते. माणसांनी दीक्षा घेतली, पण आपले देव टाकून दिले नाहीत. पाद्र्याने संतांची छापील चित्रे दिली. त्या चित्रांत त्यांनी आपले देव ओळखले. सेंट पॅट्रिकच्या पायाशी साप असतात, म्हणून तो सर्पदेव दांबाला झाला. सेंट पीटरच्या हातात स्वर्गाच्या किल्ल्या, म्हणून तो वाटेचे दार उघडणारा लेग्बा झाला. घोड्यावर बसून तलवार उपसणारा सेंट जेम्स हा लोखंडाचा आणि लढाईचा देव ओगू झाला. या देवतांना ते 'ल्वा' म्हणतात आणि सगळ्यांच्या वर एकच परमेश्वर मानतात. या धर्माचे नाव व्होदू. सिनेमावाल्यांनी त्याची बाहुल्या आणि टाचण्यांची भुताटकी करून टाकली. प्रत्यक्षात ती घरादाराची, पूर्वजांची आणि आजारपणाची देवपूजा आहे.

तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर सोपे होते. मालकाच्या भीतीने पुढे संत ठेवला आणि मागे आपला देव लपवला. भीती गेली की मुखवटा गळून पडेल, असे कोणीही म्हणेल. हैतीतले गुलाम 1791 साली उठले आणि 1804 साली देश स्वतंत्र झाला. मालक गेले. संत मात्र राहिले. आजही व्होदूच्या पूजेत आरंभी कॅथलिक प्रार्थना म्हणणारा माणूस असतो. दर वर्षी 16 जुलैला सोदो गावच्या धबधब्यापाशी मेरीमातेची जत्रा भरते, आणि त्याच पाण्यात माणसे एझिलीसाठीही उतरतात. ल्वांची सेवा करायची तर आधी कॅथलिक असावे लागते, असे तिथली पुष्कळ माणसे सरळ मनाने सांगतात. लपवण्यासाठी म्हणून घेतलेले चित्र शेवटी आवडीचे झाले. सून म्हणून घरात आलेली परकी पोर पंचवीस वर्षांनी घराची होते, तसेच काहीसे.

चर्चला मात्र हे खपले नाही. 1941–42 साली तिथल्या चर्चने मोठी मोहीम काढली. सरकारचाही तिला हात होता. ढोल आणि देव्हारे जाळले, आणि आपण दोन देव मानणार नाही अशी शपथ लोकांना घ्यायला लावली. पुढे 2003 साली हैतीच्या सरकारने व्होदूला धर्म म्हणून मान्यता दिली. पण जळालेले ढोल काही परत आले नाहीत.

*

इतक्या लांब जायला नको, असे वाचक म्हणतील. खरेच नको. आपल्या दाराशी गोवा आहे. तिथे 1560 ते 1812 पर्यंत धर्मन्यायालय होते. 1736 सालच्या त्याच्या हुकुमाने दाराशी तुळस लावायलाही बंदी घातली होती. त्या काळात देव रातोरात नदीपार गेले. आजचे मंगेशीचे देऊळ आणि कवळ्याची शांतादुर्गा ही त्या पळापळीची साक्ष. पण सगळेच देव पळाले नाहीत. शिरगावची लईराई ही सात बहिणींपैकी एक. तिची एक बहीण मिराबाई म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण झाली, असे गोव्यात सांगतात. म्हापशाच्या चर्चमध्ये ईस्टरनंतर तिचे फेस्त होते. त्या दिवशी हिंदूंची रांग ख्रिश्चनांइतकीच लांब असते, आणि ते तेल घेऊन येतात. बहिणीला बहिणीकडे जायला धर्म आडवा आला नाही.

आणि आमचा हा सातारा-सांगलीकडचा मुलूख? मिरजेला ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा चढतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ त्याच दर्ग्यात गायले, आणि 1937 साली गेल्यावर तिथेच विसावले. कडेगावला मोहरमला ताबूत निघतात, घरांच्या माथ्यांवरून डुलत जाणारे; ते हिंदूंच्याही मानाचे आणि मुसलमानांच्याही. पालीचा खंडोबा तारळीच्या काठी पौषात बोहल्यावर चढतो. पुराण त्याला शंकराचा अवतार म्हणते, आणि लोक मल्लूखान म्हणूनही हाक मारतात. त्याची एक बायको लिंगायत वाण्याची, दुसरी धनगराची. जिथे देवाच्याच घरी इतका गोतावळा, तिथे माणसाच्या घरी काय सोवळे राहणार?

हा गोतावळा सगळ्यांनी सारख्या डोळ्यांनी पाहिला नाही. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे सातारकडच्या कटगुणचे. त्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त लिहिले की म्हसोबा, खंडोबा हे बळीराजाच्या राज्यातले अधिकारी. म्हसोबा म्हणजे महासुभा. राज्य बुडाले, अधिकारी शेंदूर लावून दगडात उरले. इतिहास म्हणून हे सिद्ध करता येईल की नाही हा वेगळा प्रश्न. पण हरलेल्यांचे देव जिंकलेल्यांच्या देवळात कसे शिरून बसतात, हे फुल्यांनी ओळखले होते. हैतीचा गुलाम ते वाचता तर त्याला पटकन समजले असते. त्याच फुल्यांनी शेवटच्या पुस्तकात, 'सार्वजनिक सत्यधर्मा'त, एका कुटुंबाची कल्पना केली आहे. त्या घरात नवरा, बायको, मुलगी, मुलगा ज्याला जो धर्म पटेल तो घेतात आणि तरी एकमेकांचा द्वेष न करता एकत्र नांदतात.

साताऱ्यातच आणखी एका माणसाने असा खटाटोप केला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती दीक्षा घेतली आणि बावीस वर्षांनी, 1917 साली, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उघडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जागा होती. तुकोबाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. दरबार फार दिवस चालला नाही; 1919 साली टिळक गेले. पण आपला जुना अभंग बाहेर चपलांजवळ ठेवून आत जायला त्यांनी नकार दिला, ही गोष्ट मला मोठी वाटते.

*

इथवर लिहिताना मला बरे वाटत होते. सगळे गोड, सगळे मिळूनमिसळून. पण लिहिता लिहिता माझ्या एका जुन्या मित्राचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि लेखणी थांबली. त्याच्या आजोबांनी 1956 साली धर्मांतरानंतर घरातले टाक, परडी, सगळे फडक्यात बांधून कृष्णेच्या डोहात सोडले. त्यांच्या घरी पोतराजकी होती. पिढ्यान् पिढ्या मरीआईचा गाडा त्यांनी गावाबाहेर ओढायचा, पाठीवर आसूड घ्यायचा, आणि गावातल्या देवळाच्या पायरीला मात्र शिवायचे नाही. मित्र एकदा मला म्हणाला होता, "तुमच्या मिळूनमिसळून असण्यात आमची जागा कुठं होती, तेवढं सांग."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. डॉक्टर आंबेडकरांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यात झाले, आणि 1900 साली त्यांचे नाव तिथल्या सरकारी हायस्कुलात पडले. वर्गात वेगळे बसण्याचा अनुभव त्यांना इथलाच. त्यांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुने देव मानणार नाही हे स्पष्ट आहे. मागच्या पुठ्ठ्याला जागाच ठेवलेली नाही. हैतीतही शपथ देण्यात आली होती आणि नागपूरलाही. मग दोन्ही सारख्या का? मुळीच नाहीत. हैतीतली शपथ वरून लादलेली. नागपूरची लोकांनी आपण होऊन, ताठ मानेने घेतलेली. एकात देव हिसकावले, दुसऱ्यात माणसांनी जोखड म्हणून उतरवून ठेवले.

तेव्हा माझ्या प्रश्नाची मांडणीच चुकत होती. देव्हारे एक की दोन, यावर माणसाचा प्रामाणिकपणा ठरत नाही. दोन देव्हारे मांडणारा सच्चा असू शकतो आणि एकच ठेवणारा पक्का लबाड. पाहायचे ते एवढेच की देव्हाऱ्यावर हात कोणाचा आहे. ज्याचा देव्हारा, त्याचा. की त्याच्या डोक्यावर उभे राहून 'हा काढ, तो ठेव' म्हणणाऱ्याचा? हे कळल्यावर मला माझ्या आईची तसबीर पुन्हा पाहावी लागली.

*

आईचे माहेर वाईकडचे. लग्न होऊन ती मिरजेजवळच्या आमच्या गावी आली ती काळूबाईला घेऊनच. अण्णा माळकरी, वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात मांसमच्छी वर्ज्य. पौषी पौर्णिमेला आई माहेरी जाई, डोंगर चढे, भावाच्या घरचा नैवेद्य करून येई. आल्यावर अण्णा तिला फक्त विचारीत, "गर्दी होती का?" आणि ती म्हणे, "हुती." आषाढात ती त्यांच्या पंढरीच्या पडशीत दशम्या बांधून देई. त्यांचे यावर कधी भांडण झालेले मला आठवत नाही. फुल्यांनी कल्पिलेले घर कोणाला पाहायचे असते तर आमच्या सोप्यात येऊन बसायला हरकत नव्हती.

मंगळवारी आईच्या अंगात येई. आमच्याकडे त्याला वारं म्हणतात, आणि ज्याला वारं येते त्याला झाड. हैतीत अशा माणसाला देवाचा घोडा म्हणतात. देव येतो, स्वार होतो, निघून जातो, आणि घोड्याला मागाहून काही आठवत नाही. आमचे झाड मात्र जागचे हलत नाही. वारे येते, फांद्या घुसळून काढते आणि जाते. आई त्या वेळी केस मोकळे सोडी, मळवट भरी. एरवी चारचौघांत पदर न ढळू देणारी, सासऱ्यासमोर अवाक्षर न बोलणारी बाई. पण तेव्हा ती गावच्या पाटलालाही अरे-तुरे करी, आणि दारू पिऊन बायकोला मारणारे बापे तिच्यापुढे खाली मान घालून उभे राहत. आता वाटते, गावातल्या बायकांसाठी तेवढी एकच कचेरी उघडी होती, आठवड्यातून एक संध्याकाळ.

तेव्हा मला तसे वाटत नव्हते. 2005 च्या जानेवारीत पौषी पौर्णिमेला मांढरदेवच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या आसपास माणसे गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, पेटलेली दुकाने. त्या वर्षी गुडघ्यांमुळे आई गेली नव्हती. मी नुकता शाळेत लागलो होतो. साताऱ्याच्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांची भाषणे मी ऐकली होती, पुस्तके वाचली होती; अंधश्रद्धेविरुद्ध आपण काही केले पाहिजे, असा ध्यास होता. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या एका मुलाचा कान वाहू लागला. त्याची आई मंगळवारी आमच्या अंगणात आली. आईने अंगारा दिला आणि पाच मंगळवार यायला सांगितले. पाच मंगळवारांनंतर पोर तापाने फणफणले तेव्हा कुठे त्याला डॉक्टरकडे नेले. जीव वाचला, उजवा कान गेला.

त्यानंतरच्या मंगळवारी मी शाळेतून आलो तो अंगणात बायका बसलेल्या आणि आई घुमत होती. मी सायकल भिंतीला टाकली आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "हे ढोंग आता बंद!"

आई थांबली. एकदम. माझ्याकडे पाहिले, केस गोळा करून गाठ मारली, आणि आत निघून गेली. बायका एकेक करून उठल्या. मी विजयी होतो. देवी खरीच असती तर मास्तरच्या एका शब्दाने ती थांबली असती का? पुष्कळ वर्षे हा माझा बिनतोड पुरावा होता. मुलाचा आवाज कानी पडल्यावर आई कुठूनही परत येते, कितीही लांब गेलेली असो, हे मला सुचलेच नाही.

रात्री जेवण वाढताना ती एवढेच म्हणाली, "मास्तर, चुकलं आसंल माझं. पर म्या खोटं बोलले न्हाई."

एरवी ती मला थट्टेने मास्तर म्हणे. त्या दिवसापासून ते माझे नावच झाले. तिला पुन्हा कधी वारे आले नाही. काळूबाईची तसबीर भिंतीवरून दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी विठ्ठल आला. अण्णांच्या विठ्ठलाला ती हात जोडताना दिसे. मी समाधानाने म्हणालो, आई सुधारली.

*

चौकटवाल्याच्या दुकानातून परतताना मी एसटीत दोन्ही चित्रे मांडीवर घेऊन बसलो होतो. मागचे खिळे झिजले होते. म्हणजे वीस वर्षे, मी शाळेत गेल्यावर, ती तसबीर उतरवत होती. खिळे वाकवून पुठ्ठा काढून कुंकू लावत होती. आणि मी यायच्या आत पुन्हा सगळे नीट करून ठेवत होती. हैतीतली गुलाम बाई पाद्र्यापासून जे लपवत होती, ते माझी आई माझ्यापासून लपवत होती. आमच्या घरातला पाद्री मी होतो. माझ्या हातात बायबल नव्हते, विज्ञान होते. पण हात तोच.

आणि तरी मला हेही म्हटले पाहिजे: त्या मुलाच्या कानाबद्दल मी बरोबर होतो. यात मला तडजोड करवत नाही. तो पुढे माझ्याच वर्गात होता. पहिल्या बाकावर बसे आणि डावा कान माझ्याकडे करी. तो कान वळलेला पाहून आजही मला वाटते की आजाऱ्याच्या आणि डॉक्टरच्या मध्ये कोणत्याही देवाने उभे राहू नये. दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे कायद्याची मागणी लावून धरली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी कायदा आला. देवाधर्माला आपला विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे, असे ते आणि त्यांची समिती सांगत आली. ही रेघ त्यांनी नीट ओढली होती. मी घाईत ती पुसली. आईची चूक होती. मी तिला लबाडी म्हटले.

चूक आणि लबाडी यांत काय अंतर असते? पोरांच्या वह्या तपासताना ते मला रोज कळते. गणित चुकलेल्या मुलाला मी पुन्हा समजावतो. नक्कल केलेल्याला बाकावर उभे करतो. दोघांचेही उत्तर चुकलेलेच असते. पहिल्याला बाकावर उभे केले तर तो गणितच सोडून देतो, आणि मी म्हणतो, पाहा, आता याचे गणित चुकत नाही. खोटे बोलण्यासाठी खरे काय ते आधी ठाऊक असावे लागते आणि ते झाकायची इच्छा असावी लागते. आईला जे दिसे ते ती बोले. जगात ते तसे नसेल. तिच्यात ते होते. मी स्वतः कादंबरी लिहितो, तेव्हा रात्री एखादे पात्र असे काही बोलते की सकाळी वाचताना मलाच नवल वाटते. ते मी बोललो की आणखी कोणी, याचे उत्तर मला देता येत नाही, आणि त्याबद्दल मला ढोंगी कोणी म्हणत नाही. उलट हार घालतात.

ती लबाड नव्हती, याचा पुरावा मला तिच्या दहाव्याच्या दिवशी मिळाला. कान गेलेल्या मुलाची आई घाटावर आली होती. ती सांगत होती की त्या पोराला तपासायला माझी आई स्वतः त्याला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात जाई. एसटीने, पदरचे पैसे खर्चून, महिन्यामागून महिने. मला हे कधी कोणी सांगितले नव्हते. जाताना ती दर्ग्यापाशीही क्षणभर थांबत असे, म्हणे. आपल्या चुकीचे देणे तिने माणसाच्या हिशेबात, दवाखान्यात फेडले. देवीवर ढकलले नाही. आणि देवीलाही सोडले नाही. मला वाटे की या दोन गोष्टी एका माणसात राहूच शकत नाहीत.

खरे तर मला अजूनही देवी अंगात येते असे वाटत नाही. कोणी विचारले तर मी तसेच सांगेन, आणि पोर आजारी असेल तर आधी डॉक्टरकडे पळवेन. माझे मत बदललेले नाही. पण ते मत घेऊन दुसऱ्याच्या देव्हाऱ्याशी कसे जावे, याबद्दल माझे बदलले आहे. "पोराला आधी दवाखान्यात ने, मग अंगारा लाव" एवढे त्या संध्याकाळी मी आईच्या शेजारी बसून म्हणालो असतो तर? बहुधा तिने ऐकले असते. बहुधा तिने पुढच्या मंगळवारी घुमता घुमता चार बायकांनाही तेच सांगितले असते, आणि माझ्या भाषणापेक्षा त्यांनी ते जास्त ऐकले असते. एका शब्दाने मी एक सत्य वाचवले असे मला वाटले. प्रत्यक्षात मी एक वाट बुजवली.

चौकट तयार होऊन आली तेव्हा कारागिराने विचारल्यावाचून दोन्ही चित्रे होती तशीच बसवली होती. वर विठ्ठल, मागे काळूबाई. माझी बायको म्हणाली, "आता तरी तिला पुढं लावू या. वेगळी चौकट करू." दोन दिवस आम्ही यावर बोललो. शेवटी दुसरी चौकट केली. अण्णा आता थकले आहेत, फारसे बोलत नाहीत. मी दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी टांगत होतो तेव्हा ते खाटेवरून पाहत होते.

"हितं हुती व्हय ती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मला ठावं हुतं."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुलीने दोन्ही तसबिरींपुढे एकेक पणती ठेवली. तिने मला विचारले, "बाबा, तुम्ही हिला नमस्कार करता?" मी खरे ते सांगितले; म्हटले, "नाही. आजी करायची." तिने थोडा विचार केला आणि पणतीची वात पुढे सारली.